मालिकेला मोठेपण द्यायचं तर तिचे मधले भाग बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या गावचं वाचनालय आणि चित्रपट मंडळ मिळून दरवर्षी एका जुन्या मराठी टीव्ही कार्यक्रमाचा गौरव करणार आहे, आणि पहिल्याच बैठकीत तीन तट पडले. एकाचं म्हणणं, तीन हजारांहून जास्त भाग चाललेली 'चार दिवस सासूचे' डावलणारे आपण कोण? दुसऱ्याचं म्हणणं, मुंबई दूरदर्शनच्या जुन्या मालिकांपुढे खासगी वाहिन्यांचं काही उभंच राहत नाही. तिसऱ्या ताईंनी 'आभाळमाया'चं नाव घेतलं आणि अख्ख्या बैठकीने तिचं शीर्षकगीत म्हटलं. यातलं नेमकं काय धरायचं, निकष कोणते लावायचे, असं तुम्ही विचारता.

मी सव्वीस वर्षं टीव्हीवर लिहिते आहे आणि काही वेळा निवड समित्यांवर बसले आहे. तिथे हाच वाद वेगवेगळ्या नावांनी ऐकला. माझ्या मते तुमची अडचण निकषांची नाहीच. तुमच्या बैठकीतले तिघे तीन वेगळ्या गोष्टींना मान देत होते. पहिले दीर्घायुष्याला, दुसरे एका काळाला आणि तिसऱ्या ताई आठवणीला. तिन्ही गोष्टी आदराच्याच आहेत. पण त्यातली एकही गोष्ट म्हणजे ती मालिका नव्हे. मालिका म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष काय घडलं ते, आणि बैठकीला येण्याआधी ते कोणी पुन्हा पाहिलं होतं का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्हाला गौरव कशाचा करायचा आहे, हे मंडळाने ठरवायला हवं. एखाद्या कार्यक्रमाने समाजात काय उलथापालथ केली याची नोंद घ्यायची असेल, तर उत्तर वेगळं येईल. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ते पुन्हा दाखवलं तेव्हाही घराघरात लोक एकत्र बसले. याची नोंद इतिहासात व्हायलाच हवी, आणि त्यासाठी समीक्षकाची गरज नाही. पण 'कलाकृती म्हणून हे टिकलं का' असं तुम्ही विचारलंत, तर मला लगेच 'महाभारत' आठवतं. चौऱ्याण्णव भाग, आठवड्याला एक. इतकी पात्रं, इतके फाटे, आणि मध्ये सात दिवसांचा खंड. ही अडचण 'समय' या निवेदकाने सोडवली. हरीश भिमाणींचा तो आवाज मागचं सांगतो, पुढचं सुचवतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घडणाऱ्या प्रसंगावर भाष्य करतो. राही मासूम रझांनी लिहिलेला तो काळपुरुष म्हणजे खास टीव्हीसाठी काढलेला तोडगा आहे. नाटकाला तो तसा लागला नसता, चित्रपटाला परवडला नसता. समीक्षेने मान द्यायचा तो अशा गोष्टीला. कथा किती पूज्य आहे याला नाही आणि किती जणांनी पाहिली यालाही नाही.

आता आठवणीबद्दल. एका समितीवर आम्ही पाच जण होतो. यादी समोर आली, एका जुन्या मालिकेचं नाव निघालं आणि पाचही चेहरे खुलले. एकमत अर्ध्या तासात झालं. घरी गेल्यावर मला स्वस्थ बसवेना, म्हणून ओळखीतून तिचे काही भाग मिळवून पाहिले. पहिले दोन सुरेख होते. तिथून पुढे दर भागात तेच भांडण, तीच समजूत, तेच डोळे पुसणं. आम्हाला आठवत होते ते पहिले दोन भाग आणि त्या वर्षीचं आमचं वय. पुरस्कार दिला गेला. मी आक्षेप घेतला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याच यादीतली दुसरी एक मालिका कोणाला चटकन आठवली नाही एवढ्यावर मागे राहिली.

शीर्षकगीताचा मुद्दा यातूनच येतो. मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज यांनी 'आभाळमाया' घराघरात नेली, आणि ते गाणं स्वतंत्र गौरवाला नक्की पात्र आहे. गाणं कानात राहतं म्हणून मालिका मनात राहिली असं मात्र समजू नका. ती मालिका मोठी असेल तर वेगळ्या कारणाने असेल. नोकरी करणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली सुधा जोशी नवऱ्याचं दुसरं नातं कळल्यावर घर कसं चालवते, मुलींशी काय बोलते आणि काय बोलत नाही, हे सुकन्या कुलकर्णींनी फार न बोलता दाखवलं. विनय आपटेंनी ते घाई न करता टिपलं. तुमच्या ताईंना सांगा की सुधाचे प्रसंग बघून या. नुसतं गाणं म्हणून भागणार नाही.

म्हणजे माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा मुद्दा एवढाच, की बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. याचं माझ्या माहितीतलं सर्वात चांगलं उदाहरण समीक्षेतलं नाहीच, न्यायालयातलं आहे. गोविंद निहलानींची 'तमस' जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि प्रक्षेपण थांबवावं म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. फाळणीची कथा, जाळपोळ, मशिदीबाहेर टाकलेलं मेलेलं डुक्कर. बाहेर वातावरण तापलेलं. खंडपीठावरचे न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी सुमारे पाच तासांची ती मालिका स्वतः पाहिली आणि मग प्रक्षेपणाची वाट मोकळी केली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. तो देताना नागपूर उच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी स्वातंत्र्याआधी घालून दिलेला निकष आधाराला घेतला. एखाद्या कृतीचा परिणाम मोजायचा तो विवेकी, खंबीर मनाच्या माणसावरून. दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसावरून नाही.

हा निकष कायद्याचा आहे, पण मी तो समीक्षेतही वापरते. मालिका तोलताना मी डोळ्यांसमोर एक प्रेक्षक ठेवते. त्याला वेळेची किंमत आहे, तो सहज रडत नाही, पण रडायला तयार आहे. त्याच्यासाठी ही मालिका काही करते का? 'प्रेक्षकांना हेच हवं असतं' या वाक्याने टीव्हीचं जितकं नुकसान केलं तितकं कमी पैशांनीही केलं नसेल. त्या वाक्यातला प्रेक्षक डळमळीत मनाचाच गृहीत धरलेला असतो.

बघायचं म्हणजे काय बघायचं, हा त्यापुढचा प्रश्न. तीन हजार भाग कोणीच बघू शकत नाही. माझी पद्धत सांगते. पहिला भाग मी बघतेच, पण त्याला फार वजन देत नाही. पहिल्या भागावर महिनोन्‌महिने काम झालेलं असतं, सगळ्यांचा जोर तिथे असतो. शेवटचा भाग बहुतेक वेळा निरोपाचा सोहळा असतो. खरी मालिका मधे असते. म्हणून भागांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून मधले पाच-सहा भाग काढायचे, आणि त्यातल्या एका क्रमांकापासून सलग चार भाग बघायचे. चिठ्ठ्या यासाठी, की निवडीचं काम चाहत्याकडे गेलं तर तो गाजलेले प्रसंग आणतो. लग्न, मृत्यू, गौप्यस्फोट. मला हवा असतो तो भाग ज्यात काहीच घडत नाही. मंगळवारचा. त्या भागात लेखकाने पात्राला एक तरी नवं वाक्य दिलंय का? मागे उभा असलेला नट ऐकतोय, की आपल्या वाक्याची वाट बघतोय? एका थपडेवर तीन चेहऱ्यांचे तीन-तीन क्लोजअप लावून अर्धं मिनिट भरलंय का? घरातली वस्तू कालच्या जागी आहे का, कालच्या भांडणाचा आजच्या चहावर काही परिणाम दिसतो का? हे सगळं मधल्या भागात उघडं पडतं.

माझी स्वतःची एक चूक याच पद्धतीने दुरुस्त झाली. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये अल्फा मराठीवर (आताच्या झी मराठीवर) सुरू झाली तेव्हा मी तिला 'हलकीफुलकी' म्हणून दोन परिच्छेदांत उरकलं होतं. खलनायक नाही, कटकारस्थान नाही, मुंबईतल्या एका घरात आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. दहा-बारा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून तिचे भाग पाहिले आणि लक्षात आलं की एकही भाग पोकळ निघत नाही. सून श्यामला चिडते तेव्हा तिचं चिडणं तिचंच असतं, शुभांगी गोखले ते टाळीसाठी वाढवत नाहीत. नातू शिऱ्याचा मूर्खपणा शिऱ्याच्याच वयाचा वाटतो. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून ही मालिका झाली, आजोबा म्हणजे आबा टिपरेही तेच झाले, आणि केदार शिंदेंनी ती दिग्दर्शित केली. साधेपणा वाटला ती खरं तर शिस्त होती. दर आठवड्याला नवी अडचण आणायची, तीही घरातल्या माणसांच्या स्वभावातूनच आणायची, आणि भागाअखेर कोणालाही खोटं ठरवायचं नाही. हे करून बघितलेल्या कोणत्याही लेखकाला विचारा, किती अवघड असतं ते.

आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण आबा टिपरे बघताना मला चिमणराव दिसत राहतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनने चिं. वि. जोशींच्या कथांवरून चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणलं. चिमणराव झाले होते प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता आणि त्या घरच्या काकू दार उघडंच ठेवायच्या. चिमणराव हा गोंधळलेला, स्वतःला जरा मोठा समजणारा, घाबरट आणि प्रेमळ माणूस. पाव शतकानंतर तोच नट घरातला समजूतदार म्हातारा होतो, पण त्याच्या समजूतदारपणातही तो जुना गोंधळ कुठेतरी शिल्लक असतो. मराठी मध्यमवर्गाने टीव्हीवर स्वतःकडे कसं पाहिलं याची एक सलग रेषा या दोन भूमिकांमधून जाते. अशी रेषा दिसली की मी थांबते. एखाद्या कार्यक्रमाआधी काय होतं आणि त्याच्यानंतर काय शक्य झालं, हे माझ्या तराजूतलं दुसरं पारडं आहे. चिमणराव नसते तर टिपरे तसे झाले नसते, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या दुसऱ्या सदस्यांच्या आक्षेपाकडे येते, दूरदर्शन विरुद्ध खासगी वाहिन्या. ही तुलना सरळ करू नका, दोन्हीकडचं काम वेगळं होतं. दूरदर्शनवर बहुतेक मालिका साप्ताहिक आणि मोजक्या भागांच्या. गोष्ट आधी ठरलेली, पुष्कळदा कादंबरीवरून घेतलेली. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची 'स्वामी' घ्या. रवींद्र मंकणींचा माधवराव कुठे संपणार हे पहिल्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे प्रत्येक प्रसंग त्या शेवटाकडे झुकलेला. रोजच्या मालिकेत शेवट कोणालाच ठाऊक नसतो. आठवड्याचे रेटिंगचे आकडे येतात आणि सोमवारच्या भागातलं पात्र बदलतं. नट दुसरीकडे जातो, कथा वळते. अर्ध्या तासाच्या वेळात जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं हातात राहतात, आणि ती रोज भरायची असतात. सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रित होताना मी सेटवर पाहिला आहे. या अडचणींमुळे वाईट भाग चांगला ठरत नाही. पण या अडचणींत राहून जर कोणी सूर सांभाळला असेल, तर ते कसब वेगळं आहे आणि त्याची कदर करणारी समिती हवी. म्हणूनच मला 'असंभव' महत्त्वाची वाटते. पुनर्जन्माची कथा, म्हणजे फसायला जागाच जागा. चिन्मय मांडलेकरांचं लेखन आणि सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन यांनी रोजच्या चक्रात गूढ ताणून न तोडता शेवटापर्यंत नेलं.

आता 'चार दिवस सासूचे'. ती २००१ ते २०१३ चालली. एवढ्या काळात लेखक बदलले, पिढ्या बदलल्या, कथेने अनेक वळणं घेतली. अख्ख्या मालिकेला एकच गुण देणं हा तिच्यावरच अन्याय आहे. माझी सूचना अशी, की पूर्ण मालिकेचा गौरव करण्याची सक्ती काढून टाका आणि एखाद्या कालखंडाचा गौरव करा. यावर एका समितीत मला विचारलं होतं, 'अर्धी मालिका कशी गौरवायची?' मी म्हटलं, मासिकाबद्दल बोलताना आपण अमुक संपादकांचा काळ म्हणतोच ना? मग टीव्हीला तो न्याय का नको? माझ्यापुरतं विचाराल तर या मालिकेत आशालता देशमुखचं काम रोहिणी हट्टंगडींनी जे केलं, त्याची स्वतंत्र नोंद व्हावी. रंगभूमीची आणि सिनेमाची मोठी अभिनेत्री रोजच्या मालिकेत वर्षानुवर्षं उभी राहते आणि त्या खलबतांच्या गर्दीतही बाईचा आब टिकवते, हे सोपं नाही. मालिका म्हणून मात्र मी तिला पहिल्या पाचांत घालणार नाही. मधले भाग काढून पाहिले तेव्हा कथा स्वतःचीच जुनी वळणं पुन्हा घेताना दिसली.

तुमच्या पत्रात फक्त मालिकांची नावं आहेत, याचं मला थोडं दुःख झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्याची खरी पुण्याई मालिकांबाहेर जास्त आहे. 'आमची माती आमची माणसं' शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलत होतं. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये लेखक-कलावंत निवांत बोलायचे, त्यातले अनेक आता नाहीत. 'गजरा'ने कित्येक नटांना पहिली ओळख दिली. यांना मधल्या भागांचीच कसोटी लावा, प्रश्न फक्त बदला. मुलाखत घेणाऱ्याने समोरच्याचं वाचलं होतं का? उत्तर आल्यावर त्याने पुढचा प्रश्न कागदावरून विचारला, की त्या उत्तरातून? शेतीच्या कार्यक्रमात सांगितलेली गोष्ट शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी करता आली असती का?

इथे एक कठीण भाग येतो. त्या काळच्या टेप महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे पुष्कळ कार्यक्रम आज कोणालाच बघता येणार नाहीत. अशा कार्यक्रमाचं काय करायचं? मी त्यांना कलाकृती म्हणून गुण देत नाही, कारण मग पुन्हा आठवणीवरच मत द्यावं लागेल. पण त्यांची वेगळी यादी ठेवते, 'न पाहता आदर' अशी. निर्मात्यांशी, कॅमेरामनशी, त्या वेळच्या वृत्तपत्रांतल्या परीक्षणांशी पडताळून जे उरतं ते तिथे लिहिते. तुमचं मंडळ असं एक स्वतंत्र मानपत्र ठेवू शकेल. तुमच्या भागात दूरदर्शनमध्ये काम केलेलं कोणी निवृत्त माणूस असेल तर त्यांना आधी गाठा. त्यांच्या घरच्या कपाटात एखादी कॅसेट निघते, असा माझा अनुभव आहे.

कामाच्या बाबी थोडक्यात. कार्यक्रम संपून किमान दहा वर्षं झालेली असावीत. तोवर जाहिरात, भांडणं आणि नटांची लोकप्रियता बाजूला होते. प्रत्येक सदस्याने मत देण्याआधी एक पान लिहून आणावं, आणि त्यात निदान तीन प्रसंग नेमके असावेत, कोणत्या भागातले तेही. ज्याला प्रसंग सांगता येत नाही त्याने त्या वर्षी मत देऊ नये. एका सदस्यावर विरोधी बाजू मांडायचं काम सोपवा आणि हे काम दरवर्षी फिरतं ठेवा. तरुण मुलं समितीत घ्या, ज्यांनी ती मालिका लहानपणी पाहिलेलीच नाही. माझ्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी टिपरे पहिल्यांदाच बघत होती. दुसऱ्या भागानंतर तिने मोबाइल पालथा ठेवला. अशा क्षणाची मी नोंद करते. आणि मानपत्रावर लेखक, दिग्दर्शक, संकलक यांची नावं नटांच्याच आकारात छापा. मालिका मधल्या भागांत तरते ती बहुतेक वेळा संकलकामुळे, आणि त्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं.

सुरुवात कुठून करावी असं शेवटी विचारलंय. माझं मत मागत असाल तर प्रतिमा कुलकर्णींच्या 'प्रपंच'पासून. अल्फा मराठीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली, एकत्र कुटुंबाची, सुधीर जोशींसारखा नट असलेली मालिका. घरातल्या दोन माणसांचं बोलणं तिसऱ्याच्या कानावर कसं पडतं आणि तो ते ऐकलं नाही असं कसं दाखवतो, एवढ्यावर त्यात अख्खा प्रसंग उभा राहायचा. पण हे मी आठवणीवरून सांगते आहे, आणि माझ्याच नियमाप्रमाणे ते पुरेसं नाही. माझ्याकडे तिचे सुटे भाग आहेत, सलग चार नाहीत. तुमच्या सदस्यांपैकी कोणी तेव्हा घरी टेप करून ठेवले असतील तर मला कळवा. मी प्रवासखर्च स्वतःचा करून येईन आणि तुमच्याबरोबर बसून बघेन.